शेरा आणि पट्टी

पाचपाखाडीतील एका हृदयरोग चिकित्सालयात मी ईसीजी तंत्रज्ञ म्हणून काम करते. अलीकडे रुग्णांच्या फाइलपेक्षा त्यांच्या फोनमध्येच अधिक ईसीजी असतात. लहानशा उपकरणाच्या दोन धातूच्या पट्ट्यांवर दोन्ही हातांची बोटे टेकवून ३० सेकंद स्थिर बसले की ब्लूटूथने आलेख फोनवर उमटतो. उपकरण उपयोगी आहे. दोन हातांमधली ही जोडणी म्हणजे ईसीजीचे जनक आयंथोव्हन यांच्या काळापासूनची पहिली लीडच, म्हणजे हृदयाची विद्युत हालचाल टिपणारी पहिली दिशा. माझी तक्रार आहे ती यंत्राने वर आपोआप छापलेला शेरा वाचून खालचा आलेख न पाहणाऱ्यांविषयी.

कोपरीहून आलेल्या त्या काकांचे वय ७४ होते, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही होते. मधूनच छातीत धडधड होई, पण होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर बांधलेल्या यंत्राच्या २४ तासांच्या सलग ईसीजी नोंदीत, काही सापडले नव्हते. मुलाने हे उपकरण आणून दिले आणि ‘एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या विस्कळीत, अनियमित लयीची) शक्यता’ हा शेरा वारंवार येऊ लागला. काकूंनी स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवले आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तेवढ्यावर रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. त्या स्क्रीनशॉटमध्ये शेरा ठळक दिसत होता, मात्र आलेखाच्या पट्टीचा अर्धा भाग आणि त्यामागच्या मापाच्या चौकटी कापल्या गेल्या होत्या. चौकटीच नसतील तर दोन ठोक्यांमधले अंतर मोजायचे कशावर?

काकांनी फाइल पुढे केली तेव्हा त्यांचा हात कापत असल्याचे मला दिसले. मी काकूंकडून मूळ पीडीएफ मागून घेतल्या आणि छापल्या. कोऱ्या कागदाची कड आलेखाखाली धरून लागोपाठच्या चार ठोक्यांच्या टोकांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवत नेला. प्रत्येक खूण पुढच्या टोकाखाली अचूक बसली. फिब्रिलेशनमध्ये असे घडत नाही. तिथे अंतरांना कसलाच नेम नसतो. मधली दातेरी रेघ हाताच्या कंपाची होती, तिच्यात पी लहरी (वरच्या कप्प्यांमुळे ठोक्याआधी उमटणाऱ्या छोट्या लहरी) बुडाल्या होत्या, आणि कंपाची काही टोके यंत्राने ठोके म्हणून मोजली असावीत. काकांचे हात कोपरापासून उशीवर टेकवून पुन्हा नोंद घेतली, तेव्हा प्रत्येक ठोक्याआधी पी लहर स्पष्ट दिसली. बारा लीडच्या ईसीजीसाठी हातांचे इलेक्ट्रोड मनगटांवर न लावता खांद्यांजवळ लावले आणि तसे कागदावर लिहिले. ही नोंद न करणारे तंत्रज्ञ पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल करतात.

‘लय नियमित, हस्तकंपाचा दोष’ एवढे लिहून मी कागद आमच्या हृदयरोगतज्ज्ञ सरांकडे नेणार होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “ताई, अजून एक पट्टी आहे, पहाटेची. पण त्यात काही निघालं नाही, म्हणून कुणाला पाठवली नाही.”

तिच्यावर शेरा होता ‘अनक्लासिफाइड’, म्हणजे यंत्राला वर्गीकरण करता न आलेली. काका तेव्हा आडवे पडले होते, हात गादीवर टेकलेले होते, त्यामुळे रेघ स्वच्छ होती. ठोक्यांचा वेग १५० च्या वर होता, पी लहरी नव्हत्या आणि कोणतीही दोन अंतरे जुळत नव्हती. पूर्ण ३० सेकंदांची ती पट्टी म्हणजे खरेखुरे एट्रियल फिब्रिलेशन होते. वेग यंत्राच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळेच बहुधा त्याने निदान देण्याचे टाळले होते.

सरांनी ती पट्टी वाचली आणि गोळी चालू ठेवली. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो; काकांच्या वयात, रक्तदाब आणि मधुमेह असताना, गोळी आवश्यकच होती. म्हणजे त्या डॉक्टरांचे औषध बरोबर ठरले, पण ज्या पट्ट्यांवरून त्यांनी ते दिले त्यांत तो आजार नव्हताच. आणि काकूंनी ती पहाटेची पट्टी पुसून टाकली असती, तर माझ्या अहवालातला शब्द न् शब्द खरा असूनही त्याच्याच आधारे गोळी बंद झाली असती. हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

आता मी प्रत्येकाला सांगते की ‘नॉर्मल’ किंवा ‘अनक्लासिफाइड’ लिहिलेल्या पट्ट्याही पुसू नका, आणि स्क्रीनशॉट न पाठवता पीडीएफच पाठवा. लोक ऐकतात आणि ढीगभर पीडीएफ घेऊन येतात. त्या एकेक करून वाचण्यासाठी लागणारा वेळ मात्र आमच्या वेळापत्रकात कुठेच धरलेला नाही.