फेडर स्वतःहून जागेवर येण्यासाठी

हाताने सरकवलेला फेडर (आवाजाची पातळी बदलणारी सरकपट्टी) संगणकाच्या पडद्यावरही हलला, की कंट्रोल सरफेसची, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर हाताळण्याच्या फेडर-बटणांच्या यंत्राची, जोडणी पूर्ण झाली असे बरेच जण मानतात. माझ्या मते तेव्हा काम निम्मेच झालेले असते. माउसने एखाद्या ट्रॅकची पातळी बदलल्यावर यंत्रावरचा फेडरही त्या जागी सरकला पाहिजे, आणि ट्रॅक म्यूट केल्यावर त्याचा दिवा लागला पाहिजे. हा फीडबॅक येत नसेल, तर समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

नाशिकमध्ये गणेशोत्सवाच्या आधी ढोल-ताशा पथकांचे ध्वनिमुद्रण मिक्स करताना हे मला प्रकर्षाने जाणवते. ताशाची तर्री ढोलाला झाकू लागली, की फेडर तत्काळ बोटाखाली हवा असतो. पण ट्रॅक चोवीस आणि फेडर आठच असल्यामुळे सतत बँक (फेडरना जोडलेला आठ ट्रॅकचा गट) बदलावी लागते. बँक बदलताच आठही फेडर नव्या ट्रॅकच्या पातळीवर गेले नाहीत, तर पहिल्या स्पर्शालाच आवाज एकदम उसळतो किंवा बुडतो, आणि ऑटोमेशन (फेडरच्या हालचालींची नोंद) लिहिणे चालू असेल तर ती उसळीही नोंदली जाते.

म्हणून मी प्रथम परतीची वाट तपासतो. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधील कंट्रोल/ओएससी/वेब या पानावर मॅकी कंट्रोल (यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यातील संदेशांची एक पद्धत) निवडताना मिडी (संगीत-यंत्रांची संदेशभाषा) इनपुटबरोबर मिडी आउटपुटही निवडावे लागते. ते रिकामे राहिले तर फेडरकडून संदेश जातात, पण परत काहीच येत नाही. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः मॅपिंग (कोणता फेडर काय बदलेल याची जोडणी) केले असेल, तर त्या यंत्राच्या आउटपुट पोर्टचा रिमोट पर्यायही चालू लागतो. इनपुट पोर्टचा ट्रॅक पर्याय मात्र बंद ठेवावा, कारण मॅकी पद्धतीत फेडरची जागा पिच बेंडच्या, म्हणजे एरवी सूर वरखाली करणाऱ्या, संदेशातून जाते आणि रेकॉर्डसाठी सज्ज असलेल्या सिंथचा सूर फेडरबरोबर वरखाली होऊ लागतो.

पिच बेंड वापरण्याचे कारण सरळ आहे. १९८३ साली आलेल्या मिडीच्या साध्या कंट्रोल चेंज या संदेशामध्ये १२८ पायऱ्या असतात, तर पिच बेंडमध्ये १६,३८४; त्यामुळे पातळी अधिक बारकाईने सांगता येते. नॉबची गोष्ट याहून वेगळी आहे. मॅकी पद्धतीत नॉब फिरवल्याचा संदेश १६ ते २३ या कंट्रोल क्रमांकांवर जातो, पण त्याभोवतीच्या दिव्यांचे कडे ४८ ते ५५ या क्रमांकांवरचे संदेश ऐकते. आला त्याच क्रमांकावर मूल्य परत पाठवणाऱ्या साध्या मॅपिंगने ते कडे उजळत नाही, आणि यंत्र बिघडले असा समज होतो.

बोटाच्या स्पर्शाची खूणही तितकीच महत्त्वाची आहे. फेडरला हात लागताच १०४ ते १११ या क्रमांकांपैकी एक मिडी नोट संदेश म्हणून जाते, मास्टरसाठी ११२, आणि त्यावरून सॉफ्टवेअर मोटर सोडून देते. ही नोट पोहोचली नाही, तर जुने ऑटोमेशन वाजत असताना मोटर तुमच्या हाताशी झगडत राहते. बटणांसाठी, यंत्रात पर्याय असेल तर, टॉगलऐवजी (दर दाबाला चालू किंवा बंद) मोमेंटरी (दाबलेले असेपर्यंतच चालू) प्रकार निवडावा. दिवा कधी लावायचा हे एकट्या सॉफ्टवेअरने ठरवलेले बरे, नाहीतर यंत्राची नोंद आणि पडद्यावरची स्थिती यांत फरक पडतो.

फेडर जागच्या जागी थरथरत असेल, तर संदेश कुठेतरी गोल फिरतो आहे का ते मिडी मॉनिटरमध्ये (येणारे-जाणारे संदेश दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पाहावे. विंडोजवर बरेच ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला पोर्ट देतात, त्यामुळे मॉनिटर उघडण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधून तो पोर्ट मोकळा करावा लागतो. जुन्या पाच पिनांच्या केबलवरून मात्र फेडर थोडे मागे राहणे स्वाभाविक आहे: तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तीन बाइटच्या एका संदेशाला सुमारे एक मिलिसेकंद, आणि त्याच केबलवरून पातळीचे मीटरही जात असतात. अशा वेळी मी मीटर बंद करतो आणि फेडरसाठी वाट मोकळी ठेवतो.

मोटर नसलेले यंत्र असेल, तर लाइव्हमधील टेकओव्हर मोड पिक-अपवर ठेवावा. मग फेडर प्रत्यक्ष पातळीवरून जाईपर्यंत आवाज बदलत नाही.