'गेलो होतो'चं इंग्रजी

"मॅडम, 'मी गेलो होतो'ला 'आय हॅड गॉन' का नाही म्हणायचं? शब्दाला शब्द तर बसतोय!" नारायण पेठेतल्या माझ्या संध्याकाळच्या क्लासात प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी आपली मराठी बघा. 'दादा मुंबईला गेला' म्हटलं की तो अजून तिकडेच असेल असं वाटतं. 'दादा मुंबईला गेला होता' म्हटलं की तो परत आलाय. एका 'होता'वर आपण त्याला घरी आणतो! किती सुंदर सोय आहे ही. पण इंग्रजीतला 'हॅड' हे काम करत नाही. भूतकाळातला एखादा क्षण समोर असेल आणि त्याच्याही आधी काही घडून गेलं असेल, तर ते सांगायला तो येतो.

समजा, मी स्वारगेटला पोचले तेव्हा साताऱ्याची बस सुटली होती. फलाट रिकामा. इथे 'द बस हॅड लेफ्ट' अगदी चोख, कारण बस माझ्या पोचण्याच्या आधीच गेली. मी पोचले आणि डोळ्यांदेखत सुटली, तर मात्र 'द बस लेफ्ट'.

आता 'काल मी लक्ष्मी रोडला गेले होते'. यात दुसरा क्षण कुठाय? म्हणून 'आय वेन्ट'. परत आलेय हे वेगळं सांगावं लागत नाही, मी तुमच्यासमोर बसलेय की.

हिंजवडीत नोकरी करणारी माझी एक विद्यार्थिनी मेलमध्ये लिहायची, 'आय हॅड सेंट द फाइल यस्टर्डे'. परदेशातल्या क्लायंटने उलट विचारलं, नंतर फाइल बदलली का? तिला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही. रडवेली होऊन तिने मला मेल दाखवला. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. 'हॅड' वाचून तो पुढच्या घटनेची वाट बघत होता. 'आय सेंट' एवढंच पुरलं असतं.

तेव्हापासून वहीत 'हॅड' दिसला की मी समासात लिहिते, 'कशाच्या आधी?' उत्तर असेल तर तो राहू द्यायचा, नसेल तर खोडायचा. आणि वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल, तर आधी काय नि नंतर काय हे तो शब्दच सांगतो. तिथे 'हॅड' गाळलात तरी बहुतेक वेळा चालतं.