व्हिटमन कौंटी: वाऱ्याने आणलेली माती

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पुलमनहून कोलफॅक्सकडे जाताना रस्त्यासाठी टेकाड कापलंय तिथे गाडी थांबवली. खाली बेसॉल्टचा काळा कातळ, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याच्या थरांचा, फक्त वयाने कितीतरी तरुण. त्यावर पिवळसर मातीची सरळ उभी भिंत. आपल्याकडे हाच खडक झिजून काळी माती झाली, म्हणून इथेही तसंच असेल असं वाटतं. पण ही माती इथल्या खडकाची नाहीच. हिमयुगातल्या महापुरांनी नैऋत्येला सोडलेला बारीक गाळ वाऱ्याने उचलून इथे आणून टाकला. त्याला लोएस म्हणतात. टेकड्यांचा लाटांसारखा आकारही त्याचाच.

चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली. वाळूचा खरखरीतपणा नाही, काळ्या मातीचा चिकटपणाही नाही. ओलं पीठ मळल्यासारखी लागते. राज्याचा हा आग्नेय भाग गव्हासाठी प्रसिद्ध आहे तो या पोयट्यामुळे, म्हणजे या पिठासारख्या मऊ मातीमुळे. पाऊस आणि बर्फ बहुतेक हिवाळ्यातच पडतं, उन्हाळा कोरडा जातो. एक मीटर खोल पोयटा पिकाला घेता येईल असं सुमारे १५० ते १७० मिलिमीटर पाणी धरून ठेवतो आणि गव्हाची मुळं त्याहून खोल जातात. सोलापूरकडची रब्बी ज्वारी जशी साठलेल्या ओलीवर येते, तसाच इथला गहू. पाटपाणी जवळपास नाहीच.

स्टेप्टो ब्यूट हा ११०० मीटर उंचीचा डोंगर क्वार्ट्झाइटचा आहे, भोवतालच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना. माथ्यावरून सगळी कौंटी दिसते, पण नजर खिळते ती टेकड्यांच्या पिवळ्या टकलांवर. सप्टेंबरच्या सुरुवातीला कापणी उरकलेली असते, म्हणून ती उघडी दिसतात. तिथली काळसर वरची माती गेली आणि खालची चिकण वर आली. दोष पाण्याचा आहे तसा नांगराचाही, कारण उतारावर पलटी नांगर प्रत्येक फेरीत माती थोडी खाली ढकलतो. हिवाळ्यात खालचा थर गोठलेला असताना वरचे चार बोटं वितळले आणि त्यावर पाऊस पडला, तर पाणी मुरायला जागाच नसते. चिखल घसरतो, ओघळी पडतात. अमेरिकी कृषी खात्याच्या १९७८ च्या पाहणीत इथल्या सुमारे १० टक्के लागवडीच्या जमिनीवरची मूळ माती पूर्ण गेलेली आढळली. आता बरेच जण न नांगरता, धसकटं तशीच ठेवून थेट पेरतात. माझ्या मते ते चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

एकाच टेकडीवर जमीन बदलते. उत्तर उतारावर बर्फ जास्त टिकतो, ओल जास्त, माती खोल. पण वसंतात वाफसा उशिरा येतो आणि घाई करून ट्रॅक्टर घातला की माती दबते. दक्षिण उतार लवकर तापतो, लवकर सुकतो, आणि थोड्याच खोलीवर चिकणीचा थर लागतो. मळणीयंत्राचा सांगाडा आडव्या उतारावरही सपाट राहील अशी सोय केलेली असते. नाहीतर धान्य चाळणीच्या एका बाजूला गोळा होऊन भुश्श्यासोबत बाहेर पडतं.

पूर्वेकडे, वर्षाला ५०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, तीन वर्षांची फेरपालट चालते: हिवाळी गहू, मग सातू किंवा वसंतातला गहू, मग मसूर, वाटाणा किंवा काबुली हरभरा. मसूर एप्रिल-मेमध्ये एकरी साधारण २५ ते ३० किलो बियाण्याने पेरून वरून रूळ फिरवतात, कारण शेंगा जमिनीलगत लागतात आणि ढेकूळ राहिलं तर कापणीच्या पात्यात येतं. अडचण आम्लतेची आहे. वर्षानुवर्षं अमोनियाची खतं घालून पेरणीच्या खोलीवरचा सामू (pH) कित्येक शेतांत ५.५ च्या खाली गेलाय. मसुराच्या मुळांवरच्या गाठी तिथे नीट धरत नाहीत. फुटभर खोलीचा एकत्र नमुना घेतला तर सरासरीत हा थर लपतो, म्हणून दर तीन इंचांचा वेगळा नमुना घ्यावा आणि मगच चुना किती ते ठरवावं.

कोलफॅक्सहून हायवे २६ ने पश्चिमेला निघालं की पाऊस उतरत ३५० मिलिमीटरच्या आसपास येतो. कडधान्य संपतं, एक वर्ष गहू, एक वर्ष पडीक. पडीक रानाचा वरचा चार-पाच इंचांचा थर कोरडा, मोकळा ठेवतात, म्हणजे खालची ओल वर चढून उडत नाही. मग खोल सरीच्या पाभरीने बी ओलीपर्यंत, कधी सहा इंचांवर पोचवतात. उगवण्याआधी पाऊस झाला तर वर पापुद्रा बसतो आणि कोंब आतच वाकडा होतो. बुटक्या वाणांना हा त्रास जास्त, कारण त्यांच्या कोंबाचं आवरणच आखूड. गंमत म्हणजे बुटक्या गव्हाचं मोठं काम पुलमनलाच झालं. गहू पैदासकार ऑर्व्हिल वोगेल यांचं गेन्स हे वाण १९६१ सालचं, आणि त्यांनी नोरिन १० या बुटक्या जपानी गव्हापासून केलेल्या संकराचं बी नॉर्मन बोरलॉग या शास्त्रज्ञाकडे मेक्सिकोला जाऊन पुढे आपल्या हरितक्रांतीत उतरलं.

पश्चिम सीमेवर त्याच महापुरांनी लोएस धुऊन नेलाय. कातळ उघडा, मध्ये वीतभर माती, त्यात सेज नावाची रानटी झुडपं आणि गवत. तिथे नांगर नाही, गुरं चरतात.