हरकत घेणारे कान

ग्वाल्हेरात रिक्षावाल्याला 'एजी ऑफिस' एवढं म्हटलं की पुरतं. १९५६ साली मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पण राज्याचे हिशेब सांभाळणारी महालेखाकारांची कचेरी मात्र आमच्या झाशी रोडवर आहे. सरकारी नोकरांचा जीपीएफ तिथे, पेन्शनची फाइलही तिथेच. शहराच्या लष्कर भागातल्या बऱ्याच मराठी घरांत एखादे काका 'एजीत' असायचे. आमच्याकडेही होते. फडणिशी आमच्या रक्तातच असावी.

ऑडिट म्हणजे डोळ्यांत तेल घालून वह्या तपासणं, अशी आपली समजूत. मुळात तो कानाचा कारभार. लॅटिनमध्ये 'ऑदिरे' म्हणजे ऐकणं, तिथून हा शब्द इंग्रजीत उतरला. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी बहुधा निरक्षर. वर्षअखेरीला तो ऑडिटरसमोर उभा राहून तोंडी हिशेब द्यायचा: गहू किती पिकला, मेंढरं किती दगावली, पैसे किती आले नि कुठे गेले. ऑडिटर ऐकायचा, मध्येच अडवायचा, खोदून विचारायचा. ऑडिटर म्हणजे नुसता श्रोता! नाट्यगृहाला ऑडिटोरियम म्हणतात तेही याच भाऊबंदकीतलं. आज्ञा पाळणं या अर्थाचं 'ओबे' हेसुद्धा त्याच धातूवरून आलं. "कार्टं माझं ऐकेल तर शपथ!" म्हणणाऱ्या आईला हा संबंध वेगळा समजवायला नको. मराठीत आपण 'लेखापरीक्षण' केलं. त्यातला 'ईक्ष्' म्हणजे पाहणं, तेव्हा कान गेले आणि डोळे आले. शब्द बिनचूक आहे, पण मला जरा कोरडाच वाटतो.

कारण काका सांगायचे ते ऑडिट ऐकण्याचंच होतं. तपासायला गेलेल्या कचेरीतला बाबू रजिस्टरातून रकमा वाचणार आणि काका समोर व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन लाल पेन्सिलीने टिक करत जाणार. बाबूचा सूर एकदा लागला की तबल्याच्या ठेक्यासारखा चालू राहतो. एखाद्या रकमेपाशी तो दबला, किंवा उगाच द्रुत झाला, की काकांची पेन्सिल थांबायची. "जरा परत वाचा." एवढंच. बाबूला वाटायचं, यांना आधीच कुणीतरी खबर दिलीय.

हेच कान डिसेंबरात मफलरमध्ये गुंडाळून काका तानसेन समारोहाला न्यायचे. हा समारोह १९२४ पासूनचा. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी बसलं की थंडी हाडांत शिरते, पण काका हलत नसत. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ग्वाल्हेर घराण्याची आख्यायिकाही कानांचीच आहे. हद्दू-हस्सू खाँ या भावांनी म्हणे दरबारात पडद्याआड बसून बडे मोहम्मद खाँ यांची तानबाजी ऐकली आणि उचलली. चोरी खरी, पण व्हाउचर नसलेली. तिला कोण काय करणार?

गंमत अशी की गवईही हरकत घेतो आणि ऑडिटरही. गवयाची हरकत सुरेल, नाजूक. ऑडिटरच्या हरकतीला खुलासा द्यावा लागतो. काकांच्या डोक्यात दोन्ही खाती एकाच वहीत. ख्याल चांगला चालला असतानाही ते कानाशी पुटपुटायचे, "सम सांभाळली, पण किती घाईने!"

काकूंची तऱ्हा वेगळी. अमेरिकेतल्या विद्यापीठांत परीक्षा न देता, मार्कांची आशा न धरता वर्गात नुसतं ऐकत बसण्यालाही ऑडिट करणंच म्हणतात. काकू त्या गटातल्या. स्वेटर विणत सगळी सभा ऐकायच्या, मत विचारलं तर "छान झालं" म्हणायच्या. परतीच्या रिक्षात काकांचे पॅरे, म्हणजे ऑडिट रिपोर्टात असतात तसे आक्षेपांचे परिच्छेद, सुरू व्हायचे, पहिला, दुसरा, तिसरा. आणि काकू तिकडे साफ कानाडोळा करून नुकत्याच ऐकलेल्या चिजेचा मुखडा गुणगुणत असायच्या, बऱ्यापैकी सुरात.