मैत्रिणीबरोबर पहिली क्रूझ: मुंबई ते अगत्ती आणि परत

हे गेले त्याला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा मैत्रिणीने पहिल्यांदा क्रूझचा विषय काढला. मी नाही म्हटलं. दोन महिन्यांनी तिने परत विचारलं, तेव्हा तिला उत्तर देण्याआधी मी सासूबाईंपाशी बोलले. त्या ८६ वर्षांच्या, मूळच्या देवगडच्या. परवानगी मागायची पद्धत आमच्या घरात नाही. पण त्यांचाही मुलगा गेलाय, आणि त्यांना सोडून पाच दिवस समुद्रावर फिरायला जायचं मला जड वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊन ये गो. लिंबू घेऊन जा, बोट लागली की हुंगायला."

कोकणातल्या जुन्या माणसांना गाडी लागायच्या आधी बोट लागायची. ह्यांच्या लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जाणं असायचं. मोठी बोट किनाऱ्यापर्यंत यायची नाही. पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं त्यात उतरवलं जायचं. वडील ह्यांना वरून खाली खलाशाच्या हातात द्यायचे. हे सगळं मी चौतीस वर्षं ऐकलं. आपण एकदा मोठ्या बोटीने जाऊ, असं दर मे महिन्यात ठरायचं. मी प्रत्यक्षात चढले होते ती फक्त घारापुरीची लाँच.

तर आमची सहल चार रात्रींची. संध्याकाळी मुंबई सोडायची, दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर, तिसऱ्या दिवशी लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट, चौथा दिवस परत समुद्रावर, पाचव्या दिवशी सकाळी मुंबई. आम्ही जानेवारीत गेलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत, तेव्हा अरबी समुद्र बहुतेक वेळा शांत असतो.

आधी पैशाचं बोलते, कारण एकट्या बाईला इथेच पहिला धक्का बसतो. क्रूझचे दर 'एका केबिनमध्ये दोघं' असं धरून काढलेले असतात. एकटीने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे मैत्रीण सोबत असणं हा नुसता मनाचा आधार नाही, खर्चही निम्म्यावर येतो. जाहिरातीतला आकडा शेवटचा नसतो. बंदराचं शुल्क, कर, कर्मचाऱ्यांची सेवा-रक्कम हे वर लागतं. किनाऱ्यावरची सहल, वाय-फाय, बाटलीबंद पेयं हे बहुतेक वेगळं. बुकिंग करतानाच 'सगळं धरून दोघींचे किती' असं लेखी मागा. आणि बेटावर उतरता आलं नाही तर सहलीचे पैसे परत मिळतात का, तेही विचारा. समुद्र खवळला तर कप्तान उतरू देत नाही.

दुसरी गोष्ट पलंगाची. आम्ही एजंटाला दोन वेगळे पलंग सांगितले होते. केबिनचं दार उघडलं तर एकच मोठा पलंग, त्यावर पांढऱ्या टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवलेले. मी दारातच थांबले. मैत्रिणीने काही न बोलता हंस उचलले, घड्या सोडवल्या, टॉवेल बाथरूममध्ये टांगले आणि केबिन सांभाळणाऱ्या मुलाला हाक मारली. ते खरं तर दोन पलंग जोडून केलेले होते. त्याने पाच मिनिटांत वेगळे केले, मध्ये छोटं टेबल सरकवलं. तेव्हा घाबरू नका, चढल्या चढल्या सांगा. नवी चादर वगैरे तो आपणहून घालतो.

भारतातल्या भारतात असल्यामुळे पासपोर्ट लागला नाही, आधार कार्ड चाललं. पण मूळ कार्ड न्या, फोटोकॉपीवर राहू नका. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो क्रूझवाल्यांनीच काढला. त्यासाठी माहिती वेळेत भरून द्यावी लागते. माझ्या आधारवर अजून ह्यांचं नाव आहे, पत्नी म्हणून. बदलायला हवं का, असं मी फोन करून विचारलं होतं. बदलायची गरज नाही. स्वतःचं नाव आणि जन्मतारीख बुकिंगशी जुळली की झालं. कुणाला हीच शंका असेल म्हणून लिहिलं.

बॅलार्ड पिअरला दुपारी लवकर पोचा. मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि काही तासांनी केबिनबाहेर आणून ठेवतात. म्हणून रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, शाल आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. तपासणीत माझी काड्यापेटी काढून घेतली. मी ह्यांचा छोटा फोटो, उदबत्ती आणि निरांजन नेलं होतं. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, आगीचं भय असतं, आणि ते बरोबरच आहे. उदबत्त्या तशाच परत आल्या. फोटो टेबलावर होता.

आत शिरताना प्रत्येकीला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, खर्चही त्यावरच. आमच्या घरातली सगळी तिकिटं ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. गाडी असो, नाटक असो, मी तिकीट हातात घेतल्याचं मला आठवत नाही. इथे पहिल्या तासात मी तीनदा पर्स उघडून कार्ड आहे ना बघितलं. मग मैत्रिणीने पिशवीतून दोन नाड्या काढल्या, शाळेतल्या मुलांच्या ओळखपत्राला असतात तशा. एक माझ्या गळ्यात घातली. घरून अशी नाडी न्याच, जहाजावर दुकानात महाग मिळते.

निघण्याआधी लाइफ जॅकेटचा सराव होतो. काही लोक फोनवर बोलत उभे होते, मला राग आला. इटलीजवळ २०१२ च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्यांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर नियम झाला की सराव निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या झाला पाहिजे. तेव्हा नीट ऐका, आणि आपली जमायची जागा एकदा चालत जाऊन बघा. बाईने स्वतःच बघावी, कुणाच्या तरी मागे जाऊ असं धरू नये.

जहाज सुटताना उजव्या कठड्याला उभ्या राहा. गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि प्राँग्जचं दीपगृह, सगळं त्याच बाजूने सरकतं. पुढे डाव्या हाताला, पूर्वेकडे, नुसता अंधार होता. त्या अंधारापलीकडे रात्री केव्हातरी देवगड मागे पडणार होतं. मी बराच वेळ त्या बाजूला उभी होते.

बोट लागण्याबद्दल. केबिन घेताना मधली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. मैत्रिणीने डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन घेतली, ती मळमळायला लागायच्या आधी घ्यायची असते आणि तिने झोप येते. मी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं तेव्हा उघड्या डेकवर बसून क्षितिजाकडे बघत राहिले, आलेपाक चघळला आणि लिंबू हुंगलं. अर्ध्या तासात बरं वाटलं. लिंबाने की वाऱ्याने, सांगता येणार नाही. पोट रिकामं ठेवू नका, आणि फोनमध्ये वाचत बसू नका.

फोन विमान मोडवरच ठेवा. भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं बिल जबर येतं. घरी आधीच सांगून ठेवा की दीड-दोन दिवस फोन लागणार नाही. मी सासूबाईंना कागदावर तारखा लिहून दिल्या होत्या.

निघायच्या आधी आम्ही दोघींनी काही गोष्टी ठरवल्या होत्या. त्याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. हिशेब एका वहीत, रोज रात्री. दिवसातून दोन तास वेगवेगळं. आणि मी उठून गेले तर तिने लगेच मागे यायचं नाही.

ते दुसऱ्या रात्रीच वापरावं लागलं. जेवताना शेजारच्या टेबलावर एका जोडप्याच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. वेटर केक घेऊन आले, टाळ्या, गाणं. काकूंनी काकांच्या शर्टावरचं क्रीम पदराने पुसलं. मी चमचा ठेवला आणि वर डेकवर गेले. रडले. तिथे वारा इतका असतो की कुणाला कळतही नाही. मैत्रीण बरोबर पंधरा मिनिटांनी दोन कप चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. काही बोलली नाही. चहा गार झाला होता, तो आम्ही प्यायलो.

हे मुद्दाम सांगते, कारण क्रूझवर जोडपी खूप असतात. कुणी ना कुणी "मिस्टर नाही आले?" विचारतंच. मी सरळ सांगत गेले, "ते गेले, दोन वर्षं होत आली." समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, मग बहुतेक वेळा स्वतःच्या घरातलं काहीतरी सांगतो. लपवण्यापेक्षा हे सोपं गेलं.

झोपेचं मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी मी खोलीत एकटी असते. पहिल्या रात्री दिवा बंद केला, आणि पलीकडून मैत्रिणीचा श्वास ऐकू यायला लागला, मग हलकं घोरणं. इतक्या महिन्यांनी अंधारात दुसऱ्या माणसाचा आवाज. मी जागी राहून तो ऐकत होते आणि ऐकता ऐकताच झोपले. सलग सहा तास. ह्यांच्यानंतर एवढी झोप पहिल्यांदाच.

तिसरा दिवस अगत्ती. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती. प्रवाळाची कडा भोवती असल्यामुळे मोठं जहाज आत जात नाही, बाहेर थांबतं आणि छोट्या होड्या येतात. होडी वर-खाली होत असते. ती वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवी न्या. साडी नको, सलवार बरी. गुडघे फार दुखत असतील तर हा भाग आधी नीट विचारून ठरवा. मी कडेला उभी राहिले तेव्हा पाय उचलेना. खालून खलाशाने मनगट धरलं, तळवा नाही, थेट मनगट, आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. पुढच्या क्षणी मी होडीत होते. पडाव, पडाव, एवढंच मनात चाललं होतं.

कडा ओलांडली की पाणी एकदम उथळ आणि फिकट होतं, तळाची वाळू दिसते. आम्ही काचेच्या तळाच्या होडीतून फिरलो. पोपटमासे, समुद्रकाकड्या, फांद्यांसारखं प्रवाळ. मध्येच मोठे पट्टे पांढरे पडलेले दिसले. पाणी तापलं की प्रवाळ असं पांढरं पडतं, २०२४ च्या उन्हाळ्यात इथे ते फार मोठ्या प्रमाणावर झालं. रबरी तळाच्या चपला घाला, प्रवाळाने पाय कापतो. शिंपले-प्रवाळ उचलून आणू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वस्तीत फिरताना अंगभर कपडे घाला. दारू या बेटावर चालत नाही. जेवायला भात, टूनाची आमटी, नारळ. इथले लोक टूना जाळ्याने नाही, गळाने एकेक पकडतात. आमटी मी दोनदा घेतली.

परतीचा दिवस आम्ही जवळजवळ काहीच केलं नाही. रात्रीचा डीजे मला नको झाला, मैत्रीण गेली आणि नाचून आली. तेही ठरलेलंच होतं.

वरखर्चाला वेगळे ठेवलेले पाच हजार होते, त्यातले तेराशे उरले.

घरी आले तर सासूबाई जाग्याच होत्या. जेवण कसं होतं, खोली कशी होती, त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "उतरताना हात कोणी धरला?" मी सांगितलं, खालून खलाशाने, वरून मैत्रिणीने. मग फोनमध्ये होडीचा फोटो काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी तो मोठा करून होडीचा काठ बघितला आणि म्हणाल्या, "एवढाच असायचा. आमचाही एवढाच असायचा."