तुम्ही विचारलंत म्हणून: ही नळी वेगळं काय सांगते?

"मॅडम, पार्टिकल साईझ सारखा, बीईटी सारखं, एक्सआरडी सारखं. मग तुमची नळी वेगळं काय सांगणार? आणि पृष्ठभागच बघायचा तर थेंब ठेवून कोन मोजा ना, दहा मिनिटांचं काम." प्रॉडक्शनवाले हे विचारतात, ऑडिटला आलेले विचारतात, परवा नव्याने लागलेल्या मुलानेही विचारलं. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि समोरच्याला ते पटलेलं नाही हे मला दिसतं. म्हणून एकदा नीट सांगते. (बीईटी म्हणजे पावडरचं एकूण पृष्ठफळ, एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी दिसणारी स्फटिकरचना. आणि माझी नळी म्हणजे पावडर भरलेला कॉलम, ज्याने मी पृष्ठभागाची ओढ मोजते.)

आधी थेंबाचं. लॅक्टोजवर थेंब ठेवायचा तर पावडर दाबून गोळी करावी लागते, आणि दाबलं की ज्या पृष्ठभागाबद्दल विचारताय तोच बदलतो. पाण्याचा थेंब घेतला तर लॅक्टोज त्यात विरघळतं, दुसरं द्रव घेतलं तर गोळीत मुरतं. कार्बन फायबरची एक तार 5 ते 7 मायक्रॉनची. तिच्यावर थेंब बसणार कुठे? म्हणून नेहमीची जीसी, म्हणजे वाफा वेगळ्या करून ओळखणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, उलटी करायची. नावही तेच: इन्व्हर्स गॅस क्रोमॅटोग्राफी. अनोळखी पावडर कॉलममध्ये भरायची आणि ओळखीच्या वाफा तिच्यावरून सोडायच्या: हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, नोनेन, मग क्लोरोफॉर्म, इथाइल ॲसिटेट. कोणती वाफ किती रेंगाळते यावरून पृष्ठभागाची ओढ कळते. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 1966 मध्ये डांबराच्या अभ्यासात ही पद्धत याच नावाने वापरली गेली आणि 1980 मध्ये डॉरिस आणि ग्रे यांनी सेल्युलोजच्या तंतूंवर काम करून जे गणित मांडलं, ते आम्ही आजही वापरतो.

एवढं मी प्रत्येकाला सांगते. पुढचं सहसा सांगत नाही.

इनहेलरच्या एका कामासाठी दळलेल्या लॅक्टोजच्या दोन बॅच माझ्याकडे आल्या. इनहेलरमध्ये औषधाचे बारीक कण या पावडरवर बसवतात, आणि श्वास घेताना ते सुटायला हवेत. कागदावर दोन्ही सारख्या. पण एकीत औषधाचे कण लॅक्टोजपासून सुटेनात, इम्पॅक्टरच्या (औषध फुफ्फुसात किती खोल जाईल हे तपासणाऱ्या यंत्राच्या) खालच्या टप्प्यांपर्यंत औषध पोचेचना. माझ्या आकड्याची, म्हणजे पृष्ठभागाच्या ऊर्जेची, सगळे वाट बघत होते. 30 सेंटीमीटरची काचेची नळी, आत 4 मिलीमीटर पोकळ. एका टोकाला ग्लास वूल कोंबून मी पावडर भरायला बसले. बारीक लॅक्टोज फनेलला चिकटतं, काचेवर चढतं. जोरात ठोकलं तर मध्ये भेग पडते आणि वाफ त्या वाटेने निसटते. एकेक कॉलम भरायला मला दुपार लागली. मग पाण्याचा अंश राहू नये म्हणून दोन्ही कॉलम रात्रभर 100 अंशांवर कोरड्या हेलियममध्ये ठेवले. सकाळी मोजलं. दोघांचे आकडे जवळजवळ एकच आले. 'फरक नाही' असं लिहून मी सही केली.

त्या सहीनंतर दोष मिक्सिंगचा ठरला. ज्या ऑपरेटरने ती बॅच मिसळली होती त्यांना जाब द्यावा लागला, त्यांची शिफ्ट बदलली. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसत असे.

चार महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी, सीलबंद बाटलीत उरलेलं तेच लॅक्टोज मी 30 अंशांवर कंडिशन करून चालवलं. एक 41, दुसरं 47 मिलीज्यूल प्रति चौरस मीटर. नोनेनचा पीक (वाफ बाहेर पडताना आलेखात उमटणारं शिखर) दुसऱ्या कॉलमवर कितीतरी उशिरा आला, शेपूट ओढत. दळताना कणांच्या पृष्ठभागावर स्फटिकरचना मोडलेला पातळ थर तयार होतो. तो इतका थोडा असतो की एक्सआरडीला दिसत नाही. कोरड्या अवस्थेत त्या थराचा ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ज्या तापमानाला तो सैल होऊन पुन्हा स्फटिक होऊ शकतो, शंभर अंशांच्या जरा वर, आणि पाण्याचा थोडासा अंश असला तरी तो भराभर खाली येतो. म्हणजे त्या रात्री माझ्या ओव्हनमध्येच तो थर पुन्हा स्फटिक होऊन गेला असणार. जो फरक शोधायला बसले होते तो मीच पुसला.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजूनही वाद घालते. म्हणते, पाणी पृष्ठभागावर बसलेलं असताना मोजलं तर ओढ लावणाऱ्या जागा झाकलेल्याच राहतात. वाळवायला नको होतं का? हवं होतं. ती चूक नव्हती. चूक ही, की तिने पावडर काय आहे हे न बघता पुस्तकातलं तापमान लावलं. मी रिपोर्ट दुरुस्त करून पाठवला, त्या ऑपरेटरांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम." शिफ्ट काही परत बदलली नाही.

आणि तरीही तो 47 हा आकडा मी छातीठोकपणे देत नाही. वाफ अगदी थोडी सोडली की ती आधी सर्वात जास्त ओढीच्या जागा गाठते, म्हणून तो आकडा त्या मोजक्या जागांचा असतो, सगळ्या कणाचा नाही. वाफेचं प्रमाण वाढवत नेलं की आकडा उतरत जातो, म्हणून हल्ली मी एक आकडा न देता उतरणारी पूर्ण रेघच देते. औषध चिकटतं ते त्याच मोजक्या जागांना, असं मी मीटिंगमध्ये सांगते. घरी गेल्यावर मला तेवढी खात्री राहत नाही.

आता माझी पद्धत अशी: 30 अंश, दोन तास कोरडं हेलियम, आधी मिथेन (तो जवळजवळ न रेंगाळता निघतो, बाकीच्यांचा उशीर त्याच्यापासून मोजायचा), मग हेक्झेन ते नोनेन हे अल्केन, प्रत्येक बॅचचे दोन वेगळे भरलेले कॉलम. एवढ्याने सगळं पाणी जातं का? तिसऱ्या तासाला पुन्हा ऑक्टेन सोडते, तर पीक अजून थोडा उशिराकडे सरकलेला असतो.