६२ हजार, ६७ हजार की ९९ हजार? जपानी अल्फार्डचं खरं रनिंग

टोयोटाने ब्रिटनमध्ये अल्फार्ड ही आपली मोठी फॅमिली गाडी कधी विकलीच नाही. इथल्या रस्त्यावर दिसते ती जवळपास प्रत्येक अल्फार्ड कुणीतरी जपानमधून सेकंडहँड आणलेली असते. जपानमध्येही गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे हा धंदा जोरात चालतो. माझे आणि बायकोचे आईवडील एकदमच यायचे म्हणजे आम्हाला आठ सीटर लागणार होती, आणि त्या पैशात एवढी ऐसपैस दुसरी गाडी दिसेना.

पसंत पडली ती २०११ची, २.४ लिटर पेट्रोल. जाहिरातीत रनिंग ६२,००० मैल, ‘जेन्युइन’. प्रत्यक्ष डॅशबोर्डवरचा आकडा ९९,७००. विक्रेता म्हणाला, “ते किलोमीटर आहेत, १.६ने भागा.” भागलं तर ६२ हजारांच्या आसपास येतात, म्हणजे हिशेब बरोबर. पण स्पीडोमीटरचा काटा मात्र मैलांत होता. इथे वेग मैलांत दिसावा लागतो, म्हणून गाडी आल्यावर मीटरमध्ये कुणीतरी हात घातलेला असतोच. तो नेमका कुठवर घातलाय, यावर सगळं अवलंबून.

आधी एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीचा इतिहास पाहिला. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की प्रत्येक वार्षिक तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा फुकट दिसतो. या गाडीचा असा होता: २०२१मध्ये ८६,४३१ किलोमीटर, २०२२मध्ये ९०,८७० मैल, २०२३मध्ये ९५,२१० मैल, २०२४मध्ये ९८,९०० मैल. पहिल्या वर्षी किलोमीटर आणि पुढे मैल! एका वर्षात गाडी सदतीस हजार मैल पळाली, असं त्यातून दिसतं. पैसे भरून मागवलेल्या हिस्ट्री रिपोर्टने म्हणूनच रनिंगपुढे लाल खूण केली होती. अशा रिपोर्टला जपानमधलं काही माहीत नसतं, तो इथलेच आकडे एकाखाली एक मांडतो. आणि एमओटी करणारा मीटर तपासत नाही, समोर दिसतं ते टिपतो. मैल की किलोमीटर हे तोच निवडतो, आणि काटा मैलांत दिसला की मैल निवडून मोकळा होतो.

शक्यता तीन होत्या. एक, नुसती डायल बदललीय आणि आकडे अजून किलोमीटरचेच आहेत. मग विक्रेत्याचे ६२ हजार खरे. दोन, अख्खं मीटर बदललंय किंवा मागचा आकडाही मैलांत करून घेतलाय. मग ९९,७०० हे खरोखरच मैल, आणि जाहिरात चक्क खोटी. तिसरी शक्यता बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. स्पीड सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये एक छोटी चिप बसवतात. सेन्सरकडून येणारे पल्स ती १.६०९ने भागून पुढे पाठवते. त्यामुळे काटा मैल दाखवतो, पण त्याच सिग्नलवर चालणारा ओडोमीटरही (एकूण रनिंगचा आकडा) त्या दिवसापासून मैल मोजायला लागतो. आधीचे किलोमीटर तसेच राहतात आणि त्यांच्यावर मैलांची भर पडत जाते. अशा मीटरवरचा आकडा ना मैल असतो, ना किलोमीटर.

दुसरी शक्यता जपानी कागदांनी निकालात काढली. मूळ एक्स्पोर्ट सर्टिफिकेट नोंदणीच्या वेळी डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे जमा होतं, पण आधीच्या मालकाने फाइलमध्ये त्याची झेरॉक्स ठेवली होती. जपानमध्ये खाजगी गाडीची ‘शाकेन’ तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. त्या वेळचं रनिंग शंभराच्या पटीत कागदावर चढतं. माझ्या झेरॉक्सवर हेइसेई ३०ला ७१,१०० आणि रेवा २ला ७९,३०० किलोमीटर होते. ही जपानी सनं आहेत. आपण शकात ७८ मिळवतो तसे हेइसेईत १९८८ आणि रेवात २०१८ मिळवायचे. म्हणजे २०१८ आणि २०२०. हे दोन आकडे आणि २०२१चे ८६,४३१ एकापुढे एक चढत जातात.

जपानमध्ये गाडी लिलावात विकली गेली तेव्हाचा तपासणीचा कागद मी चॅसिस नंबरवरून विकत घेतला, थोडे पाउंड गेले. जपानी गाड्यांचा नंबर सतरा अंकी नसतो. एएनएच२० असं मॉडेल आणि पुढे सात आकडे असतात, ते नीट जुळवून घ्यावेत. कागदावर गाडीच्या एकूण अवस्थेचा ग्रेड ४ आणि ८६,४०० किलोमीटर. गाडीच्या रेखाचित्रात डाव्या सरकत्या दारावर ‘यू१’ लिहिलं होतं, म्हणजे छोटा पोचा. दार उन्हात तिरकं धरून पाहिलं तर हँडलच्या वीतभर खाली तो अजून होता. कागद याच गाडीचा आहे याची माझ्यापुरती खात्री तिथे पटली. बॉनेटच्या आत ऑइल बदलल्याचं जपानी स्टिकर होतं, तारीख आणि ८४ हजारांच्या घरातले किलोमीटर पेनाने लिहिलेले. असली स्टिकरं इथे आल्यावर कुणी काढत बसत नाही, त्यामुळे ती बघायचीच. सीट आणि पेडल किती झिजलेत यावरून रनिंग ठरवणाऱ्यांवर माझा मात्र फारसा विश्वास नाही. सीट कव्हर तीस पाउंडात मिळतं.

राहिल्या पहिली आणि तिसरी शक्यता. हा प्रश्न कागदावर सुटण्यासारखा नव्हता. टेस्ट ड्राइव्हला आम्ही गाडी एम-१वर घेतली. इंग्लंडच्या मोटरवेवर कडेला दर ५०० मीटरला निळ्या पाट्या असतात, गाडी बंद पडली तर जागा सांगता यावी म्हणून. देश मैलांचा असला तरी या पाट्यांवरचे आकडे किलोमीटरचे असतात. एका पाटीपाशी ट्रिप मीटर शून्य केला. बायको पाट्या वाचत बसली, मागच्या सीटवरचा सेल्समन मोबाइलमध्ये. सोळा किलोमीटर झाल्यावर ती म्हणाली, “अरे, दहा दाखवतंय.” ९.९चं नुकतंच दहा झालं होतं. फोनवरच्या जीपीएसनेही तेच सांगितलं. मीटर मैल मोजत होता. म्हणजे तिसरी शक्यता.

तरी चिप डोळ्यांनी बघायची होती. ल्यूटनच्या ओळखीच्या मेकॅनिकने मीटरचं क्लस्टर पुढे ओढलं. मागच्या वायरिंगमध्ये काडेपेटीएवढी काळी डबी, एक वायर कापून मध्ये जोडलेली, वर इन्सुलेशन टेप. “भाईजान, ये रहा आपका मुजरिम,” तो म्हणाला. पाच मिनिटांचं काम, पण विक्रेत्याने त्याला परवानगी द्यावी लागते. परवानगी द्यायला कुणी कां-कूं करायला लागलं तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

मग खरा हिशेब. चिप पहिल्या एमओटीच्या सुमारास बसली असं धरलं तर ८६,४३१ किलोमीटर म्हणजे ५३,७०६ मैल. त्यानंतर मीटरवर वाढलेले १३,२६९, हे मूळचेच मैल. बेरीज ६६,९७५. चिप महिनाभर उशिरा बसली असेल तर थोडे कमी. वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास, घरगुती गाडीला शोभेल असं रनिंग. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा पाच हजारांनी जास्त, पण लाल खूण सुचवत होती त्यापेक्षा कितीतरी कमी.

विक्रेता लबाड होता असं मला वाटत नाही. त्याने फक्त भागाकार केला होता. इथे मीटरचा आकडा बदलणं हा गुन्हा नाही, पण बदललाय हे माहीत असूनही न सांगता गाडी विकणं हा गुन्हा आहे. कागद टेबलावर मांडल्यावर त्याचा सूर बदलला तो यामुळेच. किंमत चारशे पाउंडांनी उतरली. मला त्याहून महत्त्वाचं होतं ते इनव्हॉइसवरचं वाक्य: ‘मीटरवरचा आकडा ८६,४३१पर्यंत किलोमीटर, पुढे मैल, एकूण अंदाजे ६७,००० मैल.’ खाली सही आणि शिक्का. उद्या मी गाडी विकायला काढेन तेव्हा घेणाऱ्याच्या रिपोर्टवर तीच लाल खूण येणार आहे.

चिप तशीच ठेवलीय. सर्व्हिसिंगला दोन आकड्यांतला फरकच लागतो आणि तो आता मैलांत मिळतो. एमओटीला जाताना तेवढं सांगून ठेवतो की यापुढेही मैलच लिहा, मध्येच किलोमीटर नको.